काचपेटीतले संतुलन : एका स्पष्टीकरणाचा इतिहास

काचेच्या पेटीत तळाला वाळू, तीत रोवलेल्या हिरव्यागार पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून फिरणारे चार मासे. अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत अशी पेटी असते. ती दाखवून आपण मुलांना सांगतो : मासे श्वसनात कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेतात, वनस्पती ऑक्सिजन सोडतात, मासे तो घेतात. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे जीवन. निसर्गातल्या देवघेवीचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

पण यात एक अडचण आहे. नव्याने मांडलेल्या पेटीत वनस्पती टवटवीत असतानाही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मासे मरतात, हा अनुभव मासे पाळणाऱ्या अनेकांना येतो. देवघेव चालू असेल तर मासे का मरावेत? उलट, एकही वनस्पती नसलेल्या जुन्या पेटीत मासे वर्षानुवर्षे कसे जगतात? म्हणजे आपले नेहमीचे स्पष्टीकरण खोटे नसले तरी अपुरे आहे. ते आले कोठून, सर्वांना इतके का पटले आणि त्यातला उणा भाग कोणाच्या हाती कसा लागला, हा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

पुदिन्याची डहाळी

सुरुवात होते ती इंग्लंडमधल्या लीड्स गावात. १७७१ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रीस्टली याने बंद भांड्यात मेणबत्ती जळू दिली. ती विझल्यावर त्या 'बिघडलेल्या' हवेत त्याने पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. अशा हवेत उंदीरही जगतो असे त्याला पुढे दिसले. प्राण्यांनी आणि ज्वलनाने बिघडवलेली हवा वनस्पती सुधारतात, असा निष्कर्ष त्याने काढला.

मात्र हा प्रयोग कधी साधे तर कधी फसे. त्याचे कारण डच वैद्य यान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखवले. त्याने पाने पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात पानांवर बुडबुडे येत, अंधारात येत नसत. हवा सुधारण्याचे काम वनस्पतीचे फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. अंधारात वनस्पतीही प्राण्यांप्रमाणेच हवा बिघडवतात, असे त्याने सिद्ध केले. आपल्या पाठ्यपुस्तकात उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून परीक्षानळीत वायू गोळा करण्याचा जो प्रयोग असतो, त्याचे मूळ इंगेनहाउझच्या या बुडबुड्यांत आहे.

या दोघांच्या कामावरून एक कल्पना सहज सुचण्यासारखी होती : वनस्पती आणि प्राणी एकाच भांड्यात ठेवले तर ते एकमेकांना सांभाळतील काय?

काच स्वस्त होते

कल्पना सुचली तरी ती घराघरांत जायला साधने लागतात. लंडनचा वैद्य नॅथॅनियल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. बाटलीतल्या ओलसर मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवले. लंडनच्या धुरकट हवेत त्याच्या बागेतले नेचे मरत होते, पण बंद बाटलीतले मात्र तजेलदार राहिले. यातून 'वॉर्डची पेटी' निघाली. अशा काचबंद पेट्यांतून रोपे जहाजाने महिनोन् महिने प्रवास करू लागली. रॉबर्ट फॉर्च्यून याने १८५० च्या सुमारास चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याला पोचवली ती याच पेट्यांतून.

१८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काचेच्या वस्तू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. याच सुमारास काही जणांनी पाण्यातले जीव घरात ठेवण्याची खटपट चालवली होती. सिसिलीतल्या मेसिना येथे झां व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्यांत सागरी जीव ठेवून त्यांचे निरीक्षण केले होते. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ मध्ये समुद्रातले प्रवाळ घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्या ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहत. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळही ठेवले. पाण्याला हवेची गरज असते हे ॲना थिन यांना नीट उमगले होते. पुढच्या काळात नेमका हाच मुद्दा मागे पडला.

दोन मासे, एक वनस्पती आणि गोगलगायी

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होता. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला होता. १८४९ च्या मे महिन्यात त्याने सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५४ लिटर मावतील असे काचेचे मोठे भांडे घेतले. ते झऱ्याच्या साध्या पाण्याने निम्मे भरले. तळाला वाळू आणि चिखल घातला, काही दगड रचले. व्हॅलिस्नेरिया या फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पतीचे एक रोप चिखलात लावले आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. भांड्याच्या तोंडावर तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ मलमल घातली.

काही दिवस सर्व ठीक चालले. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली. पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवे बुळबुळीत शेवाळ चढले. मासे धोक्यात आले. इथे वॉरिंग्टनचे वेगळेपण दिसते. निसर्गातल्या डबक्यात कुजणाऱ्या पानांचे काय होते, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि भांड्यात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ केले. त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. पाणी न बदलता ही व्यवस्था जवळजवळ वर्षभर चालली. मार्च १८५० मध्ये वॉरिंग्टनने केमिकल सोसायटीपुढे याविषयी निबंध वाचला.

त्याचे स्पष्टीकरण असे होते : माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरतात, वनस्पतींचा ऑक्सिजन मासे वापरतात, आणि कुजणाऱ्या पदार्थांचा निकाल गोगलगायी लावतात. प्राणी आणि वनस्पती यांचे प्रमाण योग्य ठेवले की बाहेरून काही घालावे लागत नाही.

ही कल्पना फार लवकर पसरली. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी खास इमारत उघडली गेली. सर्वसामान्यांसाठीचे ते जगातले पहिले मत्स्यालय मानले जाते. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले. गंमत म्हणजे 'अक्वेरियम' हा शब्द त्यापूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ पाणवनस्पतींच्या हौदासाठी वापरत असत. माशांच्या पेटीला तो नंतर चिकटला.

वेड जितक्या वेगाने आले तितक्याच वेगाने १८६० च्या दशकात ओसरले. 'संतुलित मत्स्यपेटी' हा शब्दप्रयोग मात्र मागे राहिला आणि पुढची शंभर वर्षे हौशी मंडळींच्या पुस्तकांत आणि शाळांत ठाण मांडून बसला.

मलमल काय सांगते?

आता वॉरिंग्टनचे भांडे पुन्हा एकदा नीट पाहू. ते निम्मेच भरलेले होते. पाण्याचा मोठा पृष्ठभाग हवेला उघडा होता आणि वरची मलमल हवेला अडवत नव्हती. म्हणजे भांडे बंद नव्हते. मग माशांना मिळणारा ऑक्सिजन वनस्पतीतून आला की हवेतून?

आकडे पाहू. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या संपर्कातल्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळून राहतो. एक लिटर हवेत मात्र तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातून आत शिरतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की तो त्याच वाटेने बाहेर पडतो. दिवसा भरपूर उजेडात वनस्पती पाण्यात मावेल त्याहून अधिक ऑक्सिजन तयार करू शकतात, पण जादा ऑक्सिजनचा बराच भाग बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. रात्री तर वनस्पतीही ऑक्सिजन वापरणाऱ्यांच्या रांगेत बसतात. इंगेनहाउझने हे १७७९ मध्येच सांगितले होते. चोवीस तासांचा हिशोब मांडला तर साध्या पेटीत माशांच्या श्वसनाचा मुख्य आधार पाण्याचा पृष्ठभाग असतो.

हा मुद्दा न्यूयॉर्क मत्स्यालयातले जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये एका लेखात ठामपणे मांडला. 'संतुलित मत्स्यपेटी' ही एक दंतकथा आहे, असे त्यांनी त्या लेखाच्या शीर्षकातच म्हटले होते. पेटीत किती मासे राहू शकतील हे वनस्पतींच्या संख्येपेक्षा पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अधिक अवलंबून असते, हे आता सर्वमान्य आहे. निमुळत्या तोंडाच्या गोल बरणीत काठोकाठ पाणी भरून मासा ठेवणे का वाईट, याचेही एक उत्तर यात आहे.

मग वॉरिंग्टनच्या भांड्यात वनस्पती आणि चिखल यांचे काहीच काम नव्हते का? होते, आणि मोठे होते. पण ते वेगळ्याच पदार्थाबाबत होते.

मुलाच्या हाती लागलेला दुवा

मासे कार्बन डायऑक्साइडबरोबर अमोनियाही सोडतात. प्रथिनांच्या पचनातून उरलेला नत्र ते मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि कुजकी पानेही अमोनिया सोडतात. अमोनिया, विशेषतः अल्कधर्मी आणि कोमट पाण्यात, माशांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतो. नव्या पेटीत मासे मरण्याचे नेहमीचे कारण हेच. ऑक्सिजन पुरेसा असूनही ते विषबाधेने मरतात.

या अमोनियाचे पुढे काय होते, हे प्रथम कळले ते मातीच्या आणि सांडपाण्याच्या अभ्यासातून. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंझ यांनी वाळू आणि चुनखडीची पूड भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी सावकाश पाझरू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. नंतर मातीचे धुवण घालताच ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. ते वीस दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत : नव्या पेटीतल्या वाळूत जीवाणूंचा जम बसायलाही काही आठवडे लागतात.

या शोधाची बातमी इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात पोचली. तिथल्या एका रसायनतज्ज्ञाने १८७८ पासून या विषयावर एकामागून एक निबंध लिहिले. हे परिवर्तन दोन टप्प्यांत होते, अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन टप्पे दोन वेगळे सूक्ष्मजीव पार पाडतात, असे त्याने दाखवले. या संशोधकाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. दोन गोल्डफिश पाळणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. १८३८ मध्ये जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या त्या प्रयोगाच्या वेळी दहा-अकरा वर्षांचा होता आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने वडिलांच्याच प्रयोगशाळेत घेतले होते. त्या भांड्यातल्या संतुलनाचा हरवलेला दुवा त्याने शेतातल्या मातीत शोधला. वडील मात्र १८६७ मध्येच वारले होते.

हे जीवाणू वेगळे काढून वाढवणे धाकट्या वॉरिंग्टनला साधले नाही. ते यश १८९० मध्ये झुरिचमध्ये सर्गेई विनोग्राडस्की याला मिळाले. तोपर्यंत मत्स्यपेटीच्या पुस्तकांतले स्पष्टीकरण इतके घट्ट बसले होते, की मातीतला हा शोध पेटीतल्या वाळूलाही लागू आहे, हे हौशी मंडळींपर्यंत पोचायला अनेक दशके गेली. आजच्या ज्ञानाच्या आधारे आपण म्हणू शकतो की थोरल्या वॉरिंग्टनचे मासे जगले ते चार कारणांनी : मोकळा पृष्ठभाग, जीवाणूंनी भरलेला चिखल, वाढते रोप आणि भरपूर पाण्यात फक्त दोन लहान मासे. यातली दोन त्याने मोजलीच नव्हती.

पुन्हा वनस्पतींकडे

जीवाणू आणि हवेचा पंप यांचे महत्त्व कळल्यावर वनस्पती केवळ शोभेच्या ठरल्या. काहींनी त्या प्लॅस्टिकच्याही आणल्या. पण पाणवनस्पतींची हौस टिकून होती. हॉलंडमध्ये विसाव्या शतकात पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेल्या पाणबागांची परंपरा तयार झाली. जपानमधल्या ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी डोंगर, कुरण, जंगल यांचा भास होईल अशा पाणबागा मांडल्या आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यामागे साधे शास्त्र आहे. वायूंचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद होते, त्यामुळे बुडालेल्या पानांना कार्बनची चणचण भासते. आपल्या तळ्यांतली हायड्रिला आणि वॉरिंग्टनची व्हॅलिस्नेरिया या वनस्पती पाण्यातले बायकार्बोनेटही वापरू शकतात, म्हणून त्या सहज वाढतात.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी पाणवनस्पतींच्या पेटीच्या परिसंस्थेवर पुस्तक लिहिले. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी शोषतात, या संशोधनाकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे जोमाने वाढणारी वनस्पती जीवाणूंच्या बरोबरीने पाणी शुद्ध करते. तळाला साधी माती, भरपूर वनस्पती आणि थोडे मासे अशी त्यांची पद्धत आहे. दीडशे वर्षांनी गाडी पुन्हा चिखल आणि व्हॅलिस्नेरियापाशी आली, पण कारणमीमांसा बदलून.

तीही शेवटची नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल मत्स्यालयाच्या पेटीतल्या वाळूखड्यांतून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव मिळाला. तो जीवाणू नव्हता, आर्किया या वेगळ्याच गटातला होता. २०१५ मध्ये मत्स्यपालनाच्या गाळणीतून अमोनिया ते नायट्रेट ही सगळी मजल एकट्याने मारणारा जीवाणू सापडला. 'दोन टप्पे, दोन जीव' हा धाकट्या वॉरिंग्टनचा नियमही त्यामुळे सरसकट लागू राहिला नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा इतिहास मुलांना एकही मासा न मारता अनुभवता येतो. रुंद तोंडाच्या तीन सारख्या बरण्या घ्या. तिन्हींत एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी आणि उकळून धुतलेली वाळू घाला. पहिल्या बरणीत एवढेच. दुसरीत जुन्या तळ्यातला मूठभर चिखलही घाला. तिसरीत तेवढाच चिखल आणि हायड्रिलाच्या आठ-दहा फांद्या. तिन्ही बरण्या खिडकीजवळ ठेवून प्रत्येकीत माशांच्या खाद्याची एकेक चिमूट टाका. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. मत्स्यपेटीच्या सामानाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याचे संच मिळतात. दर चार दिवसांनी तिन्ही बरण्यांचे पाणी तपासून सहा आठवडे आलेख काढा. कोणत्या बरणीत अमोनिया आधी उतरला? नायट्राइट मध्येच वाढून पुन्हा कमी झाला का? तिसऱ्या बरणीत नायट्रेट दुसरीपेक्षा कमी का असावे? आलेख पाहून कारणे मुलांनाच मांडू द्यावीत. चिखलाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

प्रयोग संपल्यावर विकत घेतलेल्या वनस्पती, मासे किंवा गोगलगायी नदी-तळ्यात सोडू नयेत. काचपेटीसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतला चोषकतोंड्या मासा भारतातल्या अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे.

वॉरिंग्टनचा प्रयोग यशस्वी झाला म्हणून त्याचे स्पष्टीकरण शंभर वर्षे कोणी फारसे तपासले नाही. प्रयोग साधला याचा अर्थ त्यामागचे कारण आपल्याला कळले असा होत नाही. ते कारण काढून घेतल्यावर काय होते हे पाहावे लागते. पुढच्या वेळी मुलांना शाळेतली मत्स्यपेटी दाखवताना ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची देवघेव जरूर सांगावी. मग पेटीच्या झाकणाकडे आणि तळाच्या वाळूकडे बोट दाखवून विचारावे : इथे काय चालले असेल?